खात्री का अंदाज?

गोरड सर कुठलंही उत्तर सरळ घेत नसत. उत्तर दिलं की ते डावी भुवई वर करत आणि विचारत, "खात्री का अंदाज?" मग प्रश्न विमानाच्या टाकीत पेट्रोल किती आहे हा असो, वारा कुठून येतोय हा असो, नाहीतर डब्यात भाजी कसली आहे हा असो. "वांग्याची असावी," असं मी एकदा म्हणाले. "असावी म्हंजे अंदाज. झाकण काडा, बघा, मग बोला." झाकण काढलं तर दोडका निघाला. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी भाजीबद्दलसुद्धा बेजबाबदार विधान केलं नाही.

कराडजवळच्या धावपट्टीच्या कडेला तेव्हा एक छोटा फ्लाइंग क्लब होता. एक पत्र्याचं हँगर, दोन खोल्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि फाटकाबाहेर चहाची टपरी. मायाप्पा गोरड या क्लबचे मुख्य प्रशिक्षक. मूळचे म्हसवडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वडिलांच्या मागे मेंढरं हाकता हाकता शाळा शिकले, वायुदलात रेडिओ दुरुस्तीच्या कामाला भरती झाले, परीक्षा देत देत तिथेच वैमानिक झाले आणि निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्या हौश्या-गवश्यांना शिकवायला कराडात येऊन राहिले. अंगानं भरदार, मिशा पिळदार, शर्ट पांढराशुभ्र, आणि केसांचा कलप इतका काळा की खुद्द तरुणपणीही त्यांचे केस तेवढे काळे नसणार. रेडिओवर त्यांचं इंग्रजी इस्त्री केल्यासारखं कडक असे. बटण सोडलं की लगेच माणदेश सुरू.

मी सांगलीची, पेशानं भूलतज्ज्ञ. चाळिशी उलटल्यावर विमान शिकायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते माझ्या थोरल्या भावानं, विनायकदादानं. दादाचा तासगावला बेदाण्याचा व्यापार. त्याला दरवर्षी नवं काहीतरी लागतं. घोडे झाले, होडी झाली, मग विमान आलं. त्यानं मला क्लबवर नेलं आणि सरांशी ओळख करून दिली, "सर, ही माझी धाकटी बहीण. डॉक्टर आहे." सरांनी नमस्कार केला, मग आपली खुर्ची उचलली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. तसंच पाठमोरं बोलू लागले.

"बाई, शिकवतो तुमाला. पर माज्याकडं डॉक्टरच्या नजरंनं बघायचं न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हटल्यावर खुर्ची पुन्हा सरळ झाली.

गोरड सरांना या जगात एकाच गोष्टीची भीती होती: खाली बसवलं जाण्याची. वैमानिकाची तब्येत सरकारनं नेमलेले डॉक्टर ठरावीक मुदतीनं तपासतात, आणि तिथे नापास झालात की परवाना कितीही जुना असो, तुम्ही जमिनीवर. सरांचं वय वाढत होतं तशी ही तपासणी त्यांच्या मानगुटीवर बसत होती. तारीख जवळ आली की कंदी पेढे बंद, मीठ कमी, पहाटे फिरणं सुरू, आणि वर बिरोबाला नवस. तपासणी पास झाली की त्याच संध्याकाळी पेढ्यांचा पुडा. "मला खाली उतरवायला यमालाच यावं लागंल," ते म्हणत, "आन त्यो रेड्यावर बसून आला तर आमच्या धावपट्टीवर मी त्याला उतरू देणार न्हाई." आम्ही हसायचो. पण विमानाच्या शिडीवर पाय ठेवताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा तो मी पाहिलेला होता. तो उजेड कोणी काढून घेतला तर आत काय उरेल, असं मला कधी कधी वाटे. त्यांच्या पत्नी, शेवंताकाकी, तर उघडच म्हणायच्या, "घरात हायेत तवर अर्धंच मानूस असतंय बगा."

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. शिकणारा डावीकडे बसतो, प्रशिक्षक उजवीकडे, आणि दोघांपुढे एकेक सुकाणू असतं. कोण चालवतंय याचा घोळ झाला तर दोघंही चालवतात किंवा कोणीच चालवत नाही. म्हणून जगभर वैमानिक तोंडानं सांगतात की आता विमान तुझ्याकडे, आणि दुसऱ्यानं तसं उलट सांगावं लागतं. सगळे हे इंग्रजीत करतात. सर मराठीत करत. "इमान तुमचं," ते म्हणायचे, आणि आपण "विमान माझं" म्हणेपर्यंत सुकाणू सोडायचे नाहीत. नुसतं मान हलवून चालत नसे. "मान तर नंदीबैलबी हलवतंय," म्हणायचे.

दादाच्या पाठोपाठ मलाही खासगी परवाना मिळाला आणि त्याच सुमारास दादानं आपलं विमान आणलं. चार जणांचं, जुनं, एका मालकाकडून दुसऱ्याकडे आलेलं, पण देखणं. मोठ्या हौसेनं त्यानं ते सरांना दाखवायला उघडलं. सर आत बसले, एकेक बटण, एकेक काटा बघू लागले. समोरच्या फळीवर मधोमध एक जुना जीपीएस बसवलेला होता, छोट्या पडद्याचा, हिरव्या आकड्यांचा. त्याच्यावर दादानं चोपून बसवला होता एक चकचकीत टॅबलेट. नकाशा रंगीत, डोंगर तपकिरी, नद्या निळ्या, आणि मध्ये स्वतःचं विमान सरकताना दिसतंय.

"सर, हा घेतला," दादा म्हणाला. "त्या म्हाताऱ्या डब्यापेक्षा शंभरपट भारी. म्हातारा सारखा कुरकुरायचा."

"कुरकुरायचा म्हंजे?"

"एक पिवळा दिवा लागायचा सारखा. डोळ्यांवर यायचा."

"मग?"

दादानं अभिमानानं दाखवलं. त्या दिव्यावर त्यानं स्टिकर चिकटवला होता. त्याच्याच बेदाण्याच्या खोक्यावरचा, द्राक्षाच्या घडाचा, सोनेरी काठाचा. दिसायला सुरेख दिसत होता, त्यात वाद नाही.

सरांनी वाकून तो घड जवळून पाहिला. मग नखानं स्टिकर खरवडून काढला आणि आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला. "इनायकराव," ते शांतपणे म्हणाले, "मेंढरं चोरायला चोर आला की पैलं काय करतो, ठाव हाय? पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटीत गवत कोंबतो. तुमी तर सोताच्याच घंटीत कोंबलं की ओ."

मग टपरीवर चहा मागवून त्यांनी दादाला आणि मला समजावलं. ते मी त्यांच्याच पद्धतीनं सांगते, कारण त्याआधी नियमांच्या जाड पुस्तकातलं ते प्रकरण मी वाचलं होतं आणि माझ्या डोक्यात काडीचं शिरलं नव्हतं.

डोळ्यांनी जमीन बघत, स्वच्छ हवेत उडायचं असेल तर सोबत काहीही ठेवा. टॅबलेट ठेवा, फोन ठेवा. मदतीला चांगलेच आहेत. पण ढगात शिरायचं असेल, म्हणजे जमीन दिसत नसताना नुसत्या यंत्रावर विसंबून जायचं असेल, तर यंत्र प्रमाणित लागतं. नुसतं प्रमाणित विकत आणून भागत नाही. ते परवाना असलेल्या माणसानं विमानात पक्कं बसवलेलं लागतं, त्याचा अँटेना छतावर योग्य जागी लागतो, बसवल्याची नोंद विमानाच्या कागदपत्रांत लागते, त्यातली नकाशाची माहिती मुदतीतली लागते. आणि त्याशिवाय जुन्या पद्धतीचं रेडिओचं दिशादर्शक यंत्रही चालू लागतं, कारण एका पायावर उभं राहून कुणी नदी ओलांडत नाही.

"पण सर," दादा म्हणाला, "हा टॅबलेट जागा अगदी अचूक दाखवतो. मी गाडीत तपासलंय. घराच्या फाटकापर्यंत बरोबर."

"दावतो की. म्या कुटं न्हाई म्हनलं? सर्टिफाइड म्हंजे जादा अचूक, असं वाटतंय व्हय तुमाला?" सर खुर्चीत पुढे सरकले. "आमचं वडील, आण्णा, मेंढरं घिऊन कोकणात उतरायचं. घंटी कुनाच्या गळ्यात बांधायची ह्ये आण्णा सोता ठरवायचं. लोक म्हनायचं, त्यो थोरला मेंढा बगा, शिंगं कशी हायत, चाल कशी हाय. आण्णा त्याला कवाच घंटी दिली न्हाई. त्यो मेंढा वाट चुकला तरी तसाच छाती काडून चालायचा आन समदा कळप त्याच्या मागं दरीच्या कडंला. आण्णानी घंटी दिली एका लंगड्याला. त्याला वाट समजंना झाली की त्यो जाग्यावर हुबा ऱ्हायचा आन बोंबलायचा. आण्णा म्हनायचं, वाट समद्यांचीच चुकतीया. चुकल्यावर जो बोंबलतोय, घंटी त्याची."

सर पुढे बोलत राहिले. आपण कुठे आहोत हे काढायला चार उपग्रह पुरतात. पण त्या चारांतला एखादा खोटं बोलत असेल तर चारांवरून ते कळत नाही. पंचायतीत चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा पाचव्याला बोलवावं लागतं, तसं. पाचवा आला की कोणीतरी खोटं बोलतंय एवढं कळतं. सहावा आला की कोण ते कळतं. प्रमाणित यंत्र ही उलटतपासणी सतत करत असतं. साक्षी जुळल्या नाहीत, किंवा तपासायला साक्षीदारच पुरेसे नसले, की पिवळा दिवा लागतो: माझ्यावर विसंबू नका. टॅबलेटही उपग्रहांचंच ऐकतो, पण असं जाहीर करायला तो बांधलेला नाही. त्याला ऐकू येईनासं झालं तरी तो बिचारा अंदाजानं विमान पुढे सरकवत राहतो, आणि अंदाजाचं चित्र खात्रीच्या चित्राइतकंच रंगीत दिसतं.

मला हे चटकन पटलं, कारण माझं सगळं आयुष्य अशा यंत्रांसमोर गेलं आहे. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे पेशंटच्या बोटाला चिमटा लावतात, रक्तातला प्राणवायू दाखवणारा. चिमटा नीट बसला नाही तर चांगलं यंत्र आकडा देत नाही, ओरडतं. वाईट यंत्र नव्व्याण्णव दाखवत बसतं."

सर खूश झाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डॉक्टर असण्याबद्दल चांगलं काही म्हटलं. "बगा इनायकराव, बाईंना एका घोटात समजलं. आता त्यो म्हातारा का कुरकुरत हुता त्ये तपासू, न्हाईतर नवा बसवू. तवर ढगात जायचं न्हाई."

म्हातारा खरोखरच खलास झाला होता. अँटेनाच्या तारेत पाणी शिरलं होतं आणि आतली माहिती कधीची शिळी. नवा प्रमाणित जीपीएस मागवायचा ठरलं. तो बसवायला उंब्रजचे सलीमभाई येत. ते विमानातल्या रेडिओयंत्रांचे परवानाधारक इंजिनियर. मान्यताप्राप्त वर्कशॉपमधून आले की दिवसभर फळीखाली डोकं घालून झोपलेले असत आणि बाहेर फक्त त्यांचे मोजे दिसत. यंत्र यायला उशीर, मग छतावर अँटेनाला जागा शोधण्यात उशीर, मग जमिनीवरची चाचणी, मग हवेतली, मग मंजुरी. दादाचा जीव मेटाकुटीला आला. पावसाळा सुरू झाला होता, रोज ढग, आणि त्याचं विमान हँगरमध्ये. एकदा तो सरांवर चांगलाच भडकला. "सर, तुम्ही नियमांचा बाऊ करताय. एवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन येतो!"

"येतो की," सर म्हणाले. "पर त्यो तुमचा टॅबलेट घिऊन ग्येला नव्हता."

अखेर मंजुरी आली. नवं यंत्र जाग्यावर बसलं. दादानं सवयीनं टॅबलेटही शेजारी ठेवलाच. सरांनी त्याला हरकत घेतली नाही. नव्या यंत्राच्या बाजूला तो पिवळा दिवा पुन्हा होता. सरांनी बोटानं त्याच्यावरची धूळ पुसली.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही तिघं मुंबईहून कराडला परत येत होतो. दादा डावीकडे, सर उजवीकडे, मी मागे. दादाचं ढगातल्या उड्डाणाचं शिक्षण चालू होतं आणि सरांच्या देखरेखीखाली ते नियमाला धरून होतं. सह्याद्री ओलांडताना पुढे एक काळाकुट्ट ढग आला. सरांनी दादाला वेग कमी करायला लावला आणि ढगाला वळसा घालून पश्चिमेकडून न्यायला सांगितलं. वळसा घालता घालता आजूबाजूचं सगळं पांढरं झालं. काचेबाहेर कापूस पिंजल्यासारखं. पंखाचं टोकही दिसेना. आणि तेवढ्यात पिवळा दिवा लागला.

"सर, दिवा," दादा म्हणाला. मग त्यानं टॅबलेटकडे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "पण हा व्यवस्थित दाखवतोय. हे बघा, उंब्रज आलं खाली. डोंगर मागे पडले. आपण आता खाली यायला हरकत नाही."

टॅबलेटवर खरंच उंब्रज होतं. महामार्ग होता, कृष्णा होती, सगळं कसं रंगीत आणि शांत. मला तर हायसं वाटलं. खाली उतरलो की ढगाबाहेर पडू, जमीन दिसेल, दहा मिनिटांत टपरीवर चहा.

सरांनी विचारलं, "खात्री का अंदाज?"

दादानं परत दिव्याकडे पाहिलं.

"इमान माजं," सर म्हणाले.

"विमान तुमचं," दादानं सुकाणू सोडलं.

पुढची काही मिनिटं मी फक्त सरांचा हात पाहत होते. तो अजिबात घाईत नव्हता. उंची तसूभर सोडली नाही, उलट थोडी वाढवली. होकायंत्रावर बघून त्यांनी विमान पूर्वेकडे, सपाटीच्या दिशेला वळवलं आणि रेडिओवर त्या इस्त्रीच्या इंग्रजीत रडारवाल्यांना सांगितलं की आमचा जीपीएस भरवशाचा राहिलेला नाही, आमची जागा सांगा. अशी कबुली त्यांनी वेळ सांगावी तितक्या सहज दिली. थोड्या वेळानं उत्तर आलं. आम्ही उंब्रजवर नव्हतोच. आम्ही होतो पाटणच्याही पलीकडे, कोयनेच्या डोंगरांवर.

वेग कमी केला, वळसा घातला, तेव्हाच कधीतरी छतावर अँटेना नसलेल्या टॅबलेटला उपग्रहांचं ऐकू येणं बंद झालं होतं. तो मात्र जुन्याच वेगानं, जुन्याच रेषेवर विमान पुढे नेत उंब्रजला पोचला होता.

मग ढग एका जागी फाटला आणि मी खाली पाहिलं. कोयनेचं पाणी, आणि त्याला लागून काळेभोर, ओलेचिंब कडे. दादानं सांगितलं तिथे उतरायला घेतलं असतं तर आम्ही त्याच कड्यांत उतरलो असतो. दादानंही पाहिलं. सर म्हणाले, "जागा ठाव न्हाई तवर उंची सोडायची न्हाई. आन जो बोंबलतोय त्याचं ऐकायचं, जो गप हाय त्याचं न्हाई. बास, एवढंच हाय त्या जाड्या पुस्तकात."

कराडला टेकल्यावर दादानं विमानातून उतरून आधी जमिनीला हात लावला, मग सरांच्या पायांना. सरांनी खिशातून काहीतरी काढून त्याच्या हातात दिलं. तो जुना द्राक्षाच्या घडाचा स्टिकर होता. "ह्यो आता खोक्यावरच लावा," ते म्हणाले. त्या दिवशीचा चहा आणि भजी मला अजून आठवतात. इतकी चविष्ट भजी त्या टपरीवर त्याआधी आणि त्यानंतर कधी झाली नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मी सरांबरोबर उतरण्याचा सराव करत होते. हवा काचेसारखी, खाली हिरवा ऊस, वर कुठे ढगाचा ठिपका नाही. वारा मात्र धावपट्टीला आडवा होता, म्हणून त्या दिवशी उतरण्याचं काम सर स्वतः करून दाखवत होते. सुकाणू त्यांच्याकडे. अगदी ऐटीत विमान वळवत होते. बोलता बोलता ते थांबले.

"बाई. डाव्या डोळ्याम्होरं पडदा उतरलाय."

मी वळून पाहिलं. चेहरा नेहमीसारखा, हात स्थिर.

"वरनं खाली, पडदा सोडावा तसा. उजव्यानं दिसतंय. पर आता माजी खात्री ऱ्हायली न्हाई." आणि मग, जराही आवाज न बदलता, "इमान तुमचं."

आडव्या वाऱ्यात मी तोवर एकटीनं कधी धड उतरवलं नव्हतं. शिवाय डॉक्टर म्हणून मला त्या पडद्याचा अर्थ कळत होता. सर वाट बघत होते. सुकाणू सोडत नव्हते.

"विमान माझं," मी म्हटलं.

त्यांनी हात मांडीवर ठेवले. उतरताना मी दोनदा उसळले, एका चाकावर तिरकी झाले, पण टेकले. विमान थांबवून त्यांच्याकडे पाहिलं तर ते डोळे मिचकावत होते. "ग्येला की वो पडदा. समदं दिसतंय. डोंगर, टपरी, टपरीवरच्या पिंजऱ्यातला पोपटबी."

मिनिटाभराचा खेळ होता. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर मला, क्लबला, तपासणीच्या डॉक्टरांना, कोणालाही कधी कळलं नसतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. सांगितलं म्हणजे काय होणार, हेही त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलावून आणलं होतं. विमानातून उतरून ते टपरीपाशी गेले, एक खुर्ची घेतली आणि माझ्यासमोर, तोंड माझ्याकडे करून बसले.

"बगा आता डॉक्टरच्या नजरंनं," ते म्हणाले.

मानेतली मेंदूकडे जाणारी डावी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तिथून सुटलेला एक कण डोळ्याकडे गेला, म्हणून पडदा. पुढचा कण मेंदूकडे गेला असता तर उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलं असतं. शस्त्रक्रिया मिरजेला करायची ठरलं, आणि भूल मीच द्यावी असा सरांचा हट्ट. आदल्या दिवशी मी त्यांना सगळं समजावलं. शस्त्रक्रियेतही तोच धोका थोडा असतो, हेही सांगितलं.

"आन परवाना?" त्यांनी विचारलं. "बरा झालो तरी आता इमान चालवायचं न्हाई. खात्री का अंदाज?"

"खात्री, सर," मी म्हटलं. ते म्हणताना मला फार जड गेलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं. अंदाजावर ठिवलं असतं तर जीव टांगणीला लागला असता."

दुसऱ्या दिवशी टेबलावर आडवे पडल्यावर त्यांनी मान वळवून माझ्या यंत्रांची सगळी रांग नजरेखालून घातली. "बाई, ह्ये समदं सर्टिफाइड हाय?"

"आहे."

"चुकलं तर बोंबलतंय?"

"मोठ्यांदा."

"मग काय घोर न्हाई," ते म्हणाले. मी सुई हातात घेतली. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "इमान तुमचं."

"विमान माझं, सर," मी म्हटलं, आणि त्यांचे डोळे मिटले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. यंत्रं एकदाही ओरडली नाहीत. पण या शस्त्रक्रियेनंतर पेशंट जागा होऊन बोलेपर्यंत खरं काय ते कळत नाही. भूल उतरू लागली. मी त्यांना उजव्या हातानं माझं बोट दाबायला सांगितलं. दाबलं, आणि चांगलं करकचून दाबलं. उरली होती वाचा. मी वाकून मोठ्यानं विचारलं, "सर, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

उत्तर नाही. ओठ हलले, पण आवाज आला नाही. सर्जन माझ्याकडे बघू लागले, मी सरांकडे. इतकी वर्षं मी पेशंटना हा प्रश्न विचारते आहे, पण उत्तराची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मग डावी भुवई हळूच वर गेली.

"अंदाजानं," सर खोल आवाजात म्हणाले, "मिरज." जरा दम घेतला. "खात्री झाली की सांगतो."

मी बाहेर आले. बाकावर शेवंताकाकी मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या, शेजारी दादा. दोघंही एकदम उठले.

"बोलले," मी म्हटलं.

"काय म्हनले?"

मी सांगितलं. काकींनी पदर डोळ्यांना लावला, पिशवीतून फोन काढला आणि म्हसवडला सुनेला लावला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "देव पाण्यातनं काड. तुजा सासरा शुद्धीवर हाय."